तसं विशेष काही नाही

"तसं विशेष काही नाही, मॅडम. मी सेटर आहे. मशीन लावून देतो."

एवढं बोलून ते थांबले. चाकणच्या एका कारखान्यात १९ वर्षं काढलेला माणूस. वय ४६. कंपनीनं त्यांचा विभाग दुसऱ्या राज्यात हलवायचं ठरवलं, तेव्हा हिशेब घेऊन बाहेर पडलेले. खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, मांडीवर प्लॅस्टिकचं फोल्डर. त्यात आयटीआयचं प्रमाणपत्र, नेमणुकीचं पत्र, सेवा संपल्याचं पत्र आणि भाच्यानं सायबर कॅफेत करून दिलेला एकपानी सीव्ही. त्या पानावर नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, विवाहित की अविवाहित, छंद वाचन व क्रिकेट. आणि अनुभवाच्या जागी एकच ओळ. सीएनसी सेटर, १९ वर्षे.

मी वही उघडली आणि विचारलं, "तुम्ही सुट्टीवर गेलात की तिथं काय अडायचं?"

ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, "गणपतीला गावी गेलो की फोन यायचे. एक पार्ट होता, पातळ भिंतीचा. चकमध्ये नेहमीसारखा आवळला की दबायचा. मशीनवर माप बरोबर यायचं, पण सोडला की गोलाई जायची. त्याला सॉफ्ट जॉ पार्टच्या मापाला बोअर करून घ्यावे लागतात आणि चकचं प्रेशर उतरवावं लागतं. किती उतरवायचं ते पोरांच्या लक्षात यायचं नाही."

"मग आता कोण लावतं?"

"शिकवली ना. अकरा पोरं तयार झाली माझ्या हाताखाली. त्यातली तीन आज दुसरीकडं सेटर म्हणूनच आहेत."

"एका पार्टवरून दुसऱ्यावर मशीन बदलायला किती वेळ लागायचा?"

"आधी अडीच तास. मग आम्ही एक ट्रॉली केली. पुढच्या पार्टचे टूल, जॉ, गेज, सगळं आधीच मापून तिच्यात लावून ठेवायचं, मशीन चालू असतानाच. मग पाऊण तासात व्हायला लागलं."

"आम्ही म्हणजे कोण?"

ते थोडे घुटमळले. "म्हणजे ट्रॉली मीच केली. भंगारातल्या अँगलची. वेल्डिंग मेंटेनन्सवाल्यानं मारून दिलं."

दीड तासानं माझ्या वहीची साडेचार पानं भरली होती, आणि विशेष काही नसलेला तो माणूस खुर्चीत मागे टेकून बसला होता.

मी लोकांचे सीव्ही लिहिते. कुठल्या कंपनीसाठी नाही, स्वतंत्रपणे, पुण्यात, घरातल्या मागच्या खोलीत बसून. हे सांगितलं की बहुतेकांना वाटतं टायपिंग करते. काहींना वाटतं नोकरी लावून देते. दोन्ही गैरसमज मी आता सवयीनं दूर करते. मी लोकांना त्यांच्या कामाबद्दल प्रश्न विचारते आणि उत्तरं इंग्रजीत, क्वचित मराठीत, दीड-दोन पानांत लिहून देते. हे काम असू शकतं, त्यावर घर चालू शकतं, हे मलाही वयाच्या पस्तिशीपर्यंत ठाऊक नव्हतं.

ठाऊक नव्हतं असं तरी कसं म्हणू? वडिलांचा कराडला बस स्टँडजवळ टायपिंगचा क्लास होता. १९७८ मध्ये काढलेला. आठ मशीनं, काही रेमिंग्टन, काही गोदरेज. दिवसभर मुलंमुली तीस आणि चाळीस स्पीडच्या परीक्षांची तयारी करायची, आणि संध्याकाळी सहानंतर अर्जवाले यायचे. हातात वर्तमानपत्राचं कात्रण, खिशात पोस्टल ऑर्डर, पिशवीत राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीच्या ट्रू कॉपीज आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड. वडील कागदामागं कार्बन सरकवून रोलर फिरवायचे आणि विचारायचे, "आधी काय केलंस ते सांग."

"काही नाही. शेतीच."

"किती शेती? मोटर आहे का विहिरीवर? जळाली की कोण बघतं?"

"मीच बघतो."

"वाइंडिंग येतं?"

"येतं."

मग वडील टाइप करायचे की उमेदवाराला पाण्याच्या पंपाची मोटर दुरुस्त करता येते. मी बाकावर बसून गृहपाठ करत हे ऐकायची. त्या मुलाला नोकरी लागली का, मला माहीत नाही. वडिलांनाही बहुधा माहीत नसेल. अर्ज टाइप करून घेतलेला माणूस सहसा परत येत नसे. पण आपलं वाक्य मशीनमधून उमटताना बघणारा त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो. वडिलांचा एक नियम होता, तो ते प्रत्येकाला ऐकवायचे : साहेबानं समोर बसवून विचारलं तर सांगता येईल तेवढंच लिहायचं.

२००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, गावोगावी एमएस-सीआयटीचे संगणकवर्ग निघाले आणि वडिलांच्या क्लासातली गर्दी ओसरली. दोन-तीन वर्षांत त्यांनी क्लास बंद केला. मी तोवर पुण्यात आले होते आणि चिंचवडच्या एका प्लेसमेंट एजन्सीत लागले होते. तिथं ११ वर्षं सीव्ही वाचले. कंपनी आम्हाला जागा कळवायची, आम्ही आलेल्या ढिगातून दहा-बारा निवडून पाठवायचो. दिवसाला दीडशे-दोनशे सीव्ही. एकाला मिळायची वीस-तीस सेकंदं. शेवटचं पद, कंपनीचं नाव, वर्षं, शिक्षण, गाव. नजर ठरलेल्या वाटेनं जायची. आम्हाला एक सूचना होती : मध्ये दोन वर्षांहून मोठा खंड दिसला की बाजूला ठेवा. कारण विचारायचं नाही, वेळ नाही.

बाजूला ठेवलेल्यांत बायका जास्त असायच्या, हे माझ्या पहिल्याच महिन्यात लक्षात आलं होतं. तरी मी तब्बल ११ वर्षं त्या सूचनेप्रमाणे वागले. हे मी आज लिहिते आहे तेव्हा माझा हात जड होतो. आता मी ज्यांच्यासाठी लिहिते, त्यांतल्या कित्येकींना त्या काळात मीच बाजूला ठेवलं असणार.

२०१४ मधल्या एका दुपारी ढिगातलं एक नाव ओळखीचं निघालं. शाळेतली मैत्रीण. गणितात आमच्या तुकडीत पहिली यायची. एका पतसंस्थेत सहा वर्षं हिशेबनीस, मग २००८ पासून पुढं पान कोरं. सूचनेप्रमाणे तो सीव्ही बाजूला गेला. रात्री मी तिला फोन केला.

"मधल्या सहा वर्षांत काय केलंस?"

"घरीच होते गं. सासूबाईंचं डायलिसिस होतं, आठवड्यातून तीनदा. त्या गेल्या मागच्या वर्षी."

"आणि?"

"आणि काय? घरीच."

मी तिच्या घरी गेले. चहा होईपर्यंत जिन्यातल्या कुणीतरी बेल वाजवून सोसायटीच्या पावतीबद्दल विचारलं. मग कळलं की २४ फ्लॅटांच्या त्या सोसायटीची खजिनदार हीच. पाच वर्षं. देखभालीची वसुली, बँक, ऑडिटची पूर्तता, सगळं हिच्याकडं. आणि बिल्डरनं जमीन सोसायटीच्या नावावर करून दिली नव्हती म्हणून डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज हिनं तयार केला होता : सगळ्या सभासदांचे करारनामे, इंडेक्स टू, मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, नोटिसा. जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात किती खेपा झाल्या त्याची नोंद तिनं डायरीत ठेवली होती. आदेश सोसायटीच्या बाजूनं झाला होता.

"हे तू मला सांगितलं का नाहीस?"

"ते काय नोकरी आहे का?" ती म्हणाली.

त्या रात्री आम्ही दोघींनी तिचा सीव्ही पुन्हा लिहिला. कोऱ्या वर्षांना तारखा दिल्या. कुटुंबातल्या आजारी व्यक्तीच्या शुश्रूषेसाठी पूर्णवेळ घरी, हे पहिल्या ओळीत सरळ लिहिलं; त्याखाली सोसायटीचं काम, रकमांसह. पुढच्या वर्षी मी नोकरी सोडली.

सोडली म्हणजे उडी मारली असं नाही. आठ महिन्यांचे पैसे बाजूला होते, नवऱ्याचा पगार होता. पहिलं वर्ष कठीण गेलं ते वेगळ्याच कारणानं : पैसे मागता येईनात. ओळखीच्यांचे मुलगे, नवऱ्याच्या मित्रांच्या मुली, माहेरच्या गल्लीतले लोक. "ताई, तुझ्या हातचं काम, दोन पानं तर आहेत!" पहिल्या सात जणांचं फुकट केलं. आठव्यानं आपणहून ५०० रुपये पुढं केले आणि ते घेताना मला लाज वाटली. आज अनुभवी माणसाच्या सीव्हीचे मी ३,५०० घेते, निम्मे आधी. नव्यानं नोकरी शोधणाऱ्यांकडून १,२००. नोकरी गेलेला माणूस असेल तर आधी काहीच मागत नाही, लागल्यावर दे म्हणते. बहुतेक जण देतात, हा माझा अनुभव आहे. या रकमा मी इथं मुद्दाम लिहिल्या. या कामात पडू पाहणारे मला पहिला प्रश्न हाच विचारतात आणि त्यांना कुणी सरळ उत्तर देत नाही. दुसरीही गोष्ट त्यांना माहीत असावी. एका सीव्हीला सहा-सात तास जातात. दोन बैठका, मग लेखन, मग वाचून दाखवणं, मग दुरुस्त्या. महिन्याला बारा-तेरापेक्षा जास्त करायला गेले की माणसं एकमेकांत मिसळायला लागतात. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या पानावर जाऊन बसतं. मार्च ते जून काम भरपूर, दिवाळीच्या सुमारास शुकशुकाट. पगाराची एक तारीख आयुष्यातून गेली की काय होतं, ते पहिल्या दिवाळीत कळलं.

पण या कामातली खरी अडचण भाषेची आहे.

आपण मराठीत आपलं काम क्रियापदांत लपवतो. 'स्टोअर मी बघतो' म्हणणारा माणूस शेकडो वस्तूंची आवक-जावक, साठ्याचा मेळ, पुरवठादारांचे तगादे आणि वर्षाचं ऑडिट एकहाती सांभाळत असतो. 'लावून देतो', 'करून घेतो', 'निभावून नेतो', 'अडलंनडलं बघतो'. केवढाली कामं या दोन-दोन शब्दांत दडून बसलेली असतात. एका रुग्णालयातली सिस्टर मला म्हणाली होती, "रात्रीची मी असते." रात्रीची असते म्हणजे काय, हे उलगडायला मला पाऊण तास लागला : तीस खाटा, हाताखाली दोन ज्युनिअर, डॉक्टर फोनवर.

आणि ते 'आम्ही'. एकट्यानं केलेल्या कामालाही आपण 'आम्ही केलं' म्हणतो. 'मी केलं' म्हणताना जीभ अडते, कारण आत्मस्तुती वाईट असं घरात शिकवलेलं असतं. ते शिकवणं चुकीचं होतं असं मला अजिबात वाटत नाही. ज्यांची जीभ अडते त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मात्र इंग्रजी सीव्हीत वाक्याला कर्ताच नसतो. 'आय' लिहीत नाहीत. वाक्य थेट क्रियापदानं सुरू होतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, सगळ्यांचा मान राखून झाल्यावर. हे अंतर मला रोज ओलांडावं लागतं आणि ते ओलांडताना पाय घसरू शकतो.

माझा घसरला. सुरुवातीच्या दिवसांतच. एक तरुण मुलगा, दोन वर्षांचा अनुभव, सॉफ्टवेअर तपासणीच्या पाचजणांच्या गटातला एक. बोलताना म्हणाला, "लीड नसले की मीच बघायचो सगळं." ते 'बघायचो' मी इंग्रजीत उतरवताना 'लेड' असं लिहिलं. पाचजणांच्या गटाचं नेतृत्व केलं. वाक्य भारदस्त झालं. त्यालाही आवडलं. मुलाखतीत त्याला विचारलं, गटातल्या कुणाचं काम मागं पडलं तर तुम्ही काय करत होता? कामाची वाटणी कशी करत होता? त्याच्याकडं उत्तर नव्हतं. लीड वर्षातून दहा-बारा दिवस रजेवर असायचा, तेवढ्यापुरतं याचं 'बघणं' होतं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. चिडला नव्हता. एवढंच म्हणाला, "मॅडम, तुम्ही लिहिलेलं मला येत नव्हतं."

मी पैसे परत केले. त्यानं घ्यायला नको म्हटलं, तरी केले. रात्री कराडला फोन लावून वडिलांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाचून दाखवलं होतंस का त्याला?" मी दाखवलं होतं, पण इंग्रजीत. "मराठीत दाखव," ते म्हणाले.

तेव्हापासून सीव्ही तयार झाला की मी तो समोरच्याला मराठीत वाचून दाखवते. एकेक ओळ. इंग्रजी वाक्य ऐकताना माणूस दबतो, मान डोलावतो. तेच मराठीत ऐकलं की लगेच थांबवतो : असं नाही ताई, तसं नव्हतं. खोटं आणि फुगवलेलं मराठीत लगेच उघडं पडतं. या एका सवयीनं माझं काम बदललं. एखाद्याला एका वर्षाच्या अनुभवाची तीन वर्षं करून हवी असतात, तेव्हा मी नाही म्हणते, आणि तो दुसरीकडं जातो. जाऊ दे. आता नोकरी देण्याआधी जुन्या कंपन्यांकडं चौकशी होते, भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखा असतात. पण ही चौकशी नसती तरी मी लिहिलं नसतं.

आपल्या जुन्या पद्धतीच्या बायोडेटाच्या तळाशी एक मजकूर असायचा. वर दिलेली माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे, असं मी जाहीर करतो. मग ठिकाण, तारीख, सही. आता सल्ला देणारे सगळे सांगतात की हे काढून टाका, जुनाट दिसतं, जागा खातं. मीही काढते, कारण नोकरी देणाऱ्यांची तशी अपेक्षा झाली आहे. पण काढताना मला दर वेळी थोडं वाईट वाटतं. माणूस आपल्या आयुष्याबद्दल काही सांगतोय आणि त्याखाली सही करतोय, यात एक गांभीर्य होतं. दोन वर्षांपूर्वी एका नर्सचा जर्मनीसाठीचा सीव्ही केला, तेव्हा कळलं की तिकडच्या परंपरेत हा कागद अगदी तारीखवार, खंड न ठेवता लिहितात आणि खाली ठिकाण, तारीख घालून सही करतात. मला आमचा कराडचा क्लास आठवला. अमेरिका-इंग्लंडला जायचं तर फोटो, वय, लग्न यांतलं काहीच लिहायचं नसतं. आखातात जायचं तर फोटोही हवा आणि पासपोर्टचा तपशीलही. रत्नागिरीकडचे वेल्डर येतात, त्यांचा सीव्ही मी एका पानाचाच करते : कुठल्या पोझिशनची चाचणी दिली, सिक्स-जी झाली आहे का, कुठल्या धातूच्या पाइपवर काम केलं, कुठल्या प्रकारच्या प्रकल्पात. आणि सीव्ही देताना प्रत्येकाला सांगते, एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते आधी बघा, आणि सेवाशुल्क म्हणून त्याला कायद्यानं ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. हे सांगणं माझ्या कामात बसत नाही, असं मला एकानं सुनावलं होतं. मला तसं वाटत नाही.

आपलं म्हणणं दुसऱ्याच्या हातानं कागदावर मांडून घेणं आपल्याकडं नवं नाही. शिवकाळात वतनाचा तंटा उभा राहिला की घराणी आपला करीना लिहून देत. मूळ पुरुष कोण, वतन कसं मिळालं, कुणाच्या पदरी कोणती चाकरी केली, कुठल्या प्रसंगी कोण कामी आलं, हे सगळं क्रमानं. रोहिडखोऱ्याच्या जेधे देशमुखांचा करीना इतिहासाच्या अभ्यासकांना चांगला परिचयाचा आहे; शहाजीराजे आणि शिवाजी महाराज यांच्या काळातल्या कान्होजी जेध्यांच्या चाकरीची हकीकत त्यात येते. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा थबकले. हक्क सांगायचा तर आधी काम सांगावं लागतं, आणि काम सांगायचं तर साल, स्थळ, माणसं सांगावी लागतात. माझ्या वहीतले प्रश्न तेच होते. तोच धागा मला मुंबईच्या जीपीओसमोर बसणाऱ्या पत्रलेखकांत दिसतो. १९१३ मध्ये बांधून झालेल्या त्या घुमटाच्या इमारतीबाहेर ही मंडळी ताडपत्रीखाली टेबल टाकून बसायची. अक्षर न येणाऱ्या माणसाची मनीऑर्डर भरायची, गावच्या बायकोला पत्र लिहायचं, आलेलं पत्र वाचून दाखवायचं. लिहिणाऱ्याचं नाव त्या पत्रावर कधीच नसे. माझंही माझ्या कामावर नसतं, आणि ते असू नये.

गेल्या काही वर्षांत या कामात बराच बदल झाला. मोठ्या कंपन्यांत आता आलेला सीव्ही आधी संगणकप्रणाली वाचते. दोन रकाने, चौकटी, चित्रं असली की काहींचा मजकूर तिथं उलटासुलटा होतो. म्हणून मी साधी मांडणी करते, एकाखाली एक, नेहमीची शीर्षकं. मुलं सुंदर रंगीत साचे घेऊन येतात, त्यात 'कम्युनिकेशन' पुढं गोलात ८० टक्के भरलेले असतात. हे ८० टक्के कशाचे, कुणी मोजले, याचं उत्तर त्यांना देता येत नाही, म्हणून ते गोल मी काढते आणि विचारते, तू कुणाला काय समजावून सांगितलंस ते सांग.

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. पुढच्या वर्षभरात माझ्याकडं येणाऱ्यांची संख्या जवळजवळ निम्मी झाली. मी घाबरले होते, हे कबूल करते. मोफत, दोन मिनिटांत, बिनचूक इंग्रजीत सीव्ही मिळत असेल तर ३,५०० रुपये कोण देणार? मग हळूहळू लोक तसे सीव्ही घेऊन परत यायला लागले. सगळे एकसारखे. प्रत्येकजण 'रिझल्ट्स-ड्रिव्हन', प्रत्येकाचा 'प्रूव्हन ट्रॅक रेकॉर्ड'. नाव झाकलं तर सातारच्या लेखापालाचा कुठला आणि नाशिकच्या सेल्समनचा कुठला, ओळखता येऊ नये. त्या यंत्राला माझा आक्षेप नाही. इंग्रजीचं व्याकरण तपासायला मीही ते वापरते. त्याला जे सांगाल ते ते नीटनेटकं लिहून देतं. पण 'विशेष काही नाही' एवढंच सांगितलं तर त्यातून ट्रॉली बाहेर येत नाही. ट्रॉली बाहेर यायला कुणीतरी समोर बसून 'आम्ही म्हणजे कोण?' असं विचारावं लागतं, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावं लागतं. गप्प बसणं हे या धंद्यातलं सर्वांत अवघड काम आहे. ते यायला मला चार वर्षं लागली.

सेटरदादा चार दिवसांनी पुन्हा आले. मी सीव्ही मराठीत वाचायला घेतला. पातळ भिंतीच्या पार्टची ओळ आली तेव्हा त्यांनी मान हलवली. ट्रॉलीची ओळ आली, अडीच तासांचा पाऊण तास, तेव्हा ते हसले. शिकवलेल्या अकरा पोरांची ओळ मी सगळ्यात वर घेतली होती. ती ऐकताना त्यांनी चष्मा काढून पुसला. मग नाकारलेल्या मालाचं प्रमाण निम्म्यावर आल्याची ओळ आली. बोलण्याच्या ओघात त्यांनीच सांगितलेली.

"ती काढा," ते म्हणाले.

"का? चांगली आहे ती."

"तो आकडा क्वालिटीवाल्यांचा. मी त्यांच्या बोर्डावर वाचला होता. मी मोजलेला नाही."

मी ओळ काढली. दीड महिन्यानं ते भोसरीत लागले. पगार आधीपेक्षा थोडा कमी आहे, पण नव्या मुलांना सेटिंग शिकवायचं काम त्यांच्याकडं दिलं आहे. फोनवर त्यांनी सांगितलं की मुलाखत घेणाऱ्यानं बाकी काही विचारलंच नाही, ट्रॉली कशी केली तेच विचारत बसला आणि शेवटी कागद पुढं करून चित्र काढायला लावलं.

तुमच्या घरातही असं एखादं माणूस असेल. वीस-पंचवीस वर्षं एकच काम करणारं, किंवा नोकरी सोडून घर सांभाळणारं, आणि विचारलं की 'तसं विशेष काही नाही' म्हणणारं. त्याला नोकरी शोधायची वेळ येण्याची वाट बघू नका. एखाद्या रविवारी समोर बसा आणि विचारा, तुम्ही नसता त्या दिवशी तिथं काय अडतं? उत्तर लगेच येणार नाही. थांबा. आणि येईल ते तारखेसकट लिहून ठेवा.